कठड्याचं माप

जिना संपला तरी कठडा संपेना. शेवटच्या पायरीपाशी तो वळला, भिंतीला धरून सपाट जमिनीवरून पुढे निघाला आणि तळघराच्या अंधारात शिरला. आई तिथेच थबकली. जिन्याला कठडा असावा, हे समजण्यासारखं. सपाटीवर कशाला? या घरात चालताना तोल जाईल असं आहे तरी कोण?

सत्तरी ओलांडलेली एकच बाई होती घरात. तीच इथे उभी होती.

दोन महिने तिला वास येत होता. पुट्टीचा तर होताच, दुसराही होता, लपवाछपवीचा. लेक बस चालवायचा. अंगात ताप असला तरी ज्यानं कधी गाडी चुकवली नाही, तो साठलेली रजा घेऊन तळघरात शिरला होता. मिस्त्री परवडत नाही म्हणून भिंतीची ओल स्वतःच खरवडत होता. जुन्या पलंगाच्या नळ्या कापून त्यानं हा कठडा केला होता, कुणाकडे उरलेल्या चार रंगांच्या फरश्या मागून आणून बसवल्या होत्या. काय चाललंय म्हणून विचारलं, तर म्हणे, "अडगळीची सोय." अडगळ म्हणजे नेमकं कोण, हा प्रश्न तिच्या ओठांवर येऊन राहिला होता. आणि सून! सासूची पावलं वाजली की तिचं बोलणं मध्येच तुटायचं, मग घाईनं, "आई, चहा टाकू?" दिवसातून पाचदा. घरातली म्हातारी आणि भिंतीतली ओल, दोघींवर वरवरचा हात फिरवला की झालं, असं वाटतं लोकांना.

वरची खिडकीजवळची खोली तिची होती. तिचं शिलाई मशीन तिथे, सकाळचं ऊन तिथे. ती खोली सोडायची नाही, हे सांगायलाच ती आज गुडघे सांभाळत, कठड्याला हातही न लावता उतरली होती. वाक्य चार दिवस घोळवून पक्कं केलं होतं: मातीखाली जायचं तेव्हा जाईन, आत्ता नाही.

आत काळोखात भिंतीवर पॉलिश पेपर घासल्याचा आवाज येत होता. खर्र, खर्र, मध्येच थांबून पुन्हा खर्र.

"बल्ब गेला का रे?"

आवाज थांबला. "आई? तू कशाला उतरलीस? गुडघे दुखतील."

"गुडघ्यांचं माझं मी बघते." तिनं चाचपून बटण दाबलं. लख्ख उजेड पडला. लेक भिंतीकडे तोंड करून उभा होता, तळवा भिंतीवर, डोळे मिटलेले. त्यानं ते सावकाश उघडले.

"धूळ जाते डोळ्यांत," तो म्हणाला.

तिची नजर भिंतीत ठोकलेल्या सामानाच्या फळ्यांवर गेली. पहिल्या फळीच्या कडेला एका खिळ्याचं डोकं बाहेर ठेवलेलं, दुसरीला दोन, तिसरीला तीन.

"हे काय?"

"खुणा. कुठल्या फळीवर काय आहे ते कळायला."

"मला वाचता येतं. सुईसुद्धा अजून चष्म्याशिवाय ओवते मी."

"तुला कोण काय म्हणतंय?"

"कोणी म्हणत नाही, तेच तर. आणि हा कठडा? म्हातारी पडेल म्हणून ना? बघ, धरून दाखवते." तिनं कठड्याला हात घातला. हात वर गेला, आणखी वर गेला. कठडा तिच्या कोपराच्याही वर आला होता.

तिला हसू फुटलं. चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेतले होते तिनं. "अरे वेड्या, चुकलं की माप. आधी माणूस मापावं, मग कापड कापावं. एवढंही शिकला नाहीस माझ्याकडून?"

"माप बरोबर आहे, आई."

तो कठड्यापाशीच उभा होता. त्याचा हात न शोधता कठड्यावर येऊन विसावला होता, कोपरात जरासा वाकून, जसा वाकायला हवा तसा. शिंपिणीच्या डोळ्याला टेप लागत नाही. तिचं हसू ओठांवरच राहिलं.

"रजा कधी संपते तुझी?" तिनं विचारलं.

"मागच्या महिन्यातच संपली. डोळ्यांच्या तपासणीत नापास झालो, गाडी काढून घेतली." तो फरशीकडे बघत बोलत होता. "आत्ता तू दिसतेस. मधोमध तेवढी. कडेचं सगळं गेलंय. मधलंही वर्षभरात जाईल म्हणतात. तोवर इथे वेताच्या खुर्च्या विणायला शिकून घेतो. हाताला सवय झाली की झालं."

"आणि मला सांगायचं नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तू तुझी खोली दिली असतीस. उजेडाची खोली घेऊन मी काय करू?"

वरून सुनेनं हाक मारली, "आई, खाली आहात का? चहा टाकू?"

चार दिवस पक्कं केलेलं वाक्य आईनं गिळून टाकलं. पदरानं तिनं हात पुसले. मग भिंतीपाशी गेली, डोळे मिटले आणि त्यानं घासलेल्या जागेवरून बोटं फिरवली. एका ठिकाणी थांबली.

"खरखरीत राहिलंय इथे."

"कुठे? मी तर दोनदा हात फिरवला."

तिनं त्याचा हात धरून तिथे नेला, मुठीसारखी मिटलेली बोटं एकेक करून सरळ केली.

"तळव्यानं नाही रे," ती म्हणाली. "बोटांच्या टोकांनी बघ. तळव्याला सगळंच गुळगुळीत लागतं."