पाण्याखालची तडतड

सलग तिसऱ्या दिवशीही पाण्याखाली त्याला काहीच ऐकू आलं नाही.

त्याने डोकं बाहेर काढलं, कानातलं पाणी झटकलं, कानशिलावर तळहाताने दोन थापा मारल्या आणि पुन्हा बुडी घेतली. चिडीचूप. गेली बावीस वर्षं तो बेटावरच्या रिसॉर्टच्या पाहुण्यांना इथली पोवळी दाखवत होता. सगळे त्याला पाणबुड्याच म्हणत. पोवळ्यांच्या या रानात डोकं घातलं की तापल्या तेलात पाण्याचे थेंब पडावेत तशी तडतड कानावर यायची. कपारींतले नखाएवढे झिंगे आपल्या नांग्या वाजवतात, असं त्याला वडिलांनी लहानपणी सांगितलं होतं. तो आवाज इतका अंगवळणी पडला होता की तो आहे याचाच त्याला विसर पडला होता. आता तो नव्हता, आणि पाणी एखाद्या रिकाम्या घरासारखं वाटत होतं.

पाहुणे मात्र खुशीत होते. "किती निवांत आहे हो इथं!" एक बाई कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून म्हणाल्या. त्यांच्या पायाखाली काहीतरी कटकन मोडलं. "अगंबाई, सॉरी हं," त्या हसल्या. तोही हसला. बावीस वर्षं तो असाच हसत आला होता.

पाणबुड्यांचे कान असेच जातात, हे त्याला ठाऊक होतं. आधी बारीक आवाज जातात, मग सगळेच. कान गेले की काम गेलं. दोन दिवस त्याने कुणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता बायकोला सांगितलं.

"घरात तर तुम्हाला हवं तेवढंच ऐकू येतं, त्याला झाली वीस वर्षं," ती म्हणाली. पण तिचा घास हातातच राहिला. "उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येते बरोबर."

डॉक्टरीणबाईंनी त्याला एका बंद खोलीत बसवलं. भिंतींना जाड स्पंज लावलेला. कानांवर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. एक शिट्टी आली, मग तिच्याहून बारीक, मग केसाएवढी बारीक. तो दाबत राहिला. बाईंनी तपासणी दुसऱ्यांदा केली.

"विशीतल्या पोराचे कान आहेत तुमचे," त्या म्हणाल्या. "अगदी ठणठणीत."

"सुटलो गं बाई!" बायकोने हात जोडले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तो खुर्चीतून उठला नाही. "पुन्हा एकदा बघता का?" त्याचा आवाज चिरकला. "काहीतरी बिघडलेलं असणारच."

"अहो, काही बिघडलेलं नाही," डॉक्टरीणबाई समजावत म्हणाल्या. "ऐकण्यासारखं काही असेल, तर तुम्हाला ऐकू येणारच."

भर दुपारी त्याच्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच छोटी होडी वल्हवत बेटाच्या पाठीमागे गेला. तिकडे खडक फार. इंजिनाच्या बोटी फिरकत नसत. वडील वारल्यापासून तोही कधी तिकडे गेला नव्हता. त्याने नांगर टाकला नाही. होडीची दोरी कमरेला बांधली आणि हलकेच पाण्यात उतरून डोकं खाली घातलं.

आवाज असा अंगावर आला की त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं. सगळा तळ तडतडत होता. हजारो जण एकदम बोलत असावेत, आणि परका माणूस आल्याचं कळूनही थांबू नयेत, तसं. चुकून कशाला धक्का लागू नये म्हणून दोन्ही हात छातीशी घट्ट धरून तो कितीतरी वेळ तरंगत राहिला. आपण रडतोय हे त्याला बाहेर आल्यावर कळलं.

धक्क्यावर मॅनेजर त्याची वाट पाहत होता. त्याच्यामागे बोटीत तीस पाहुणे केशरी जाकिटं घालून बसले होते.

"मामा, पाहुणे वैतागलेत. पांढऱ्या दगडांशिवाय काही दिसत नाही म्हणतात. नवी जागा सापडली नाही तर बोट बंद करायचा हुकूम आहे. मग तुम्हालाही घरी बसावं लागेल, माझा नाइलाज आहे." मॅनेजरने होडीकडे पाहिलं. "पलीकडून येताय ना? तिकडे आहे का काही?"

त्याच्या डोळ्यांपुढे बायको उभी राहिली. हात जोडलेली, सुटका झालेली. त्याने होडीची दोरी खांबाला बांधली. गाठ दोनदा तपासली.

"तिकडचं सगळं मेलंय, साहेब," तो म्हणाला. "आत्ताच कान लावून आलोय मी."