रोखलेला श्वास

२००५च्या उन्हाळ्यात द्वारका चौकाजवळच्या एका तपासणी केंद्रात एमआरआयवर धडधडत्या हृदयाची हलती चित्रं घ्यायची नवी पद्धत आली. चित्र घेताना रुग्णाने श्वास रोखून धरायचा असे. तिथली तंत्रज्ञ मोहिनी ती पद्धत नुकतीच शिकली होती. त्या दुपारी यंत्रात दिंडोरीच्या कुसाबाई होत्या. चित्र स्वच्छ आलं तरच डॉक्टर ऑपरेशनचं ठरवणार होते.

पहिलं चित्र धूसर आलं.

"आजी, मध्येच श्वास घेतलात ना?" मोहिनीने माइकवर विचारलं.

"नाय पोरी. रोखला व्हता की."

"बरं, पुन्हा रोखा."

या वेळी तिने काचेतून नीट पाहिलं. कुसाबाईंचं पोट जराही हलत नव्हतं. पडद्यावरचं हृदय मात्र पुसटच राहिलं.

गोंधळून मोहिनीचाच श्वास अडकला. त्याच क्षणी चित्र लख्ख झालं. झडपांची उघडझाप स्पष्ट दिसू लागली.

तिने श्वास सोडला. चित्र विरघळलं.

तिने मुद्दाम रोखला. चित्र पुन्हा लख्ख.

तिची छाती फुटायला आली, कान वाजू लागले. 'आजी, श्वास सोडा' म्हणायचं, तर आधी स्वतःचा सोडायला हवा होता.

स्पीकरमधून शांत आवाज आला. काचेपलीकडचं पोट अजूनही हलत नव्हतं.

"पोरी, सोडू नको. आत्ता कुठं बरं वाटतंय मला."