हिरवा ठिपका

हातानं फोकस करायची लेन्स निवडण्यात मी सात महिने घालवले. ही कंपनी की ती, कोणाची काच चांगली. गुडघे आखडलेली आई रोज अंगणातल्या खुर्चीतून म्हणायची, "संघर्ष, माहा एक चांगला फोटो काढ ना बाप्पा."

"लेन्स येऊ दे, आई."

आई गेली. पुण्यानुमोदनाच्या विधीला तिचा चेहरा कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केला. डोळेसुद्धा नीट दिसत नव्हते.

आठवड्यानं लेन्स आली. यवतमाळला जफरभाईंनी दुकानात ती कॅमेऱ्यावर बसवून दिली. म्हणाले, "रिंग हातानं फिरवा लागते. फोकस लागला की आत हिरवा ठिपका पेटते."

दुपारी अंगणातल्या रिकाम्या खुर्चीवर कॅमेरा रोखला. खुर्ची सहा फुटांवर होती. रिंग सहाच्या आकड्यावर आणली, तरी ठिपका पेटेना. रिंग चार फुटांच्या आकड्यावर आली तेव्हा पेटला. तिथं तर काहीच नव्हतं.

मी दोन पावलं मागं सरलो. ठिपका विझला.

रिंगला मी हात लावला नाही. तरी ठिपका पुन्हा पेटला, पण जरा वेळानं. आईला दोन पावलं टाकायला लागायचा, तेवढ्या वेळानं.