विहिरीजवळच्या दोन ओळी

"शेवटची फवारणी कधी केली?" नागपूरच्या भाजी कंपनीचा धनंजय विचारत होता.

"झाले की धा-बारा दिवस," सुंदरबाई म्हणाली.

तिच्या सुनेने, रीनाने, आपल्या लहानग्या अंजूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. फवारणी परवाच झाली होती. पंपात पाणी रीनानेच ओतलं होतं. फवारल्यावर सात दिवस तोडा करायचा नाही, हा कंपनीचा नियम. आणि आज सकाळीच तोडलेल्या वांग्यांचे बावीस क्रेट बांधावर भरून ठेवलेले.

"कोणीतरी फोन केला म्हणून यावं लागलं," धनंजय म्हणाला. "नमुन्यात औषध निघालं तर हा माल घेणार नाही. तुमचं नावही यादीतून जाईल."

नाव गेलं की पुन्हा तुमसरच्या बाजारात टोपल्या घेऊन बसायचं.

"आमचं चांगलं कोनाले पाहवत नसन, साहेब," सुंदरबाई हसली. "जळनारे का कमी हायेत आंधळगावात? चला, क्रेटातलं कायले, झाडावरचं ताजं तोडा."

ती त्याला थेट विहिरीजवळ घेऊन गेली. तिथल्या दोन ओळी घरी खायच्या. गावात प्रत्येकाच्या वाडीत अशा असतात. त्यांच्यावर औषधाचा थेंब पडू देत नाहीत. शहरातून आलेल्या माणसाला ते कुठून ठाऊक असणार? त्याने चार वांगी तोडली, थैलीत घातली, वर चिठ्ठी चिकटवली.

बांधावर परतल्यावर अंजूने क्रेटकडे हात केला. रीनाने तो झटकन मागे ओढला.

"काहून घाबरून राहिली वं?" सासू तिच्या कानाशी कुजबुजली. "झालं ना आता. तोंड मिटून राय फक्त." आणि चहा मांडायला झोपडीत गेली.

"ही वांगी कुठे जातात हो?" रीनाने विचारलं.

"घरोघरी. दोन पाळणाघरंही घेतात आपल्याकडून." धनंजयने थैली गाडीत ठेवली. "घाबरू नका वहिनी. सकाळी रिपोर्ट आला की क्रेट उचलतो."

रीनाने झोपडीकडे पाहिलं. सासू चुलीपुढे वाकली होती. अंजूला घट्ट धरून ती गाडीच्या दाराशी आली.

"साहेब," ती हलक्या आवाजात म्हणाली, "काल कंपनीत फोन मीच केला होता. विहिरीजवळची सोडून घ्या म्हणून सांगितलं होतं, तो निरोप मिळाला नाही का तुम्हाला?"