एक फोन कमी

"लवकर गं निकिता, एकेक मिनिट मोलाचं आहे." डॉक्टरीणबाई तिच्या खुर्चीमागून हलायला तयार नव्हत्या.

खोकल्याच्या औषधाची एक बॅच विषारी निघाली होती. कंपनीचा निरोप आला आणि सावेडीतल्या त्या छोट्या दवाखान्यात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळपासून त्याच बाटल्या पोरांना दिल्या गेल्या होत्या. निकिता सकाळी रजेवर होती, संगमनेरला माहेरी. दुपारी एसटीतून उतरली ती थेट कॉम्प्युटरपुढे येऊन बसली. सासूबाईंकडे ठेवलेल्या लेकाचं, ओमचं, तोंडही तिने अजून पाहिलं नव्हतं.

कॉम्प्युटरात मुलांची नावं एका तक्त्यात, दिलेली औषधं दुसऱ्यात, आईबापांचे फोन तिसऱ्यात. तिन्ही जोडून यादी काढणारी एकच क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायची आज्ञा, लिहायची होती. एरवी हा तिच्या हातचा मळ. आज मात्र एकदा चुकलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एंटर दाबलं आणि नावं, नंबर भराभर पडद्यावर उतरले.

रिसेप्शनवरची कैनात आणि औषधं देणारा जीशान फोनला चिकटले. "पाजू नका, बाटली परत आणा." कुणी हबकलं, कुणी रडलं, पण फोन सगळ्यांनी उचलले. शेवटचा फोन झाल्यावर डॉक्टरीणबाई मटकन खाली बसल्या. चहा आला. निकिताच्या जिवात जीव आला. थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोला.

"ताई," जीशान कपाट आवरताना म्हणाला, "गेलेल्या बाटल्यांपेक्षा एक फोन कमी झालाय."

निकिताचा कप हातातच राहिला. तिन्हीकडे नोंद असेल तेच नाव तिच्या क्वेरीने उचललं होतं. ज्याचा फोनच लिहिलेला नाही, ते पोर मधल्या मध्ये गळालं होतं. तिने फोनची अट काढून पुन्हा एंटर दाबलं. तळाशी एक नवं नाव आलं. तिच्याच ओमचं.

"ओमला पण तेच औषध दिलं?" निकिता ओरडली. कैनातचा चेहरा पांढराफटक पडला. "आजी घेऊन आल्या होत्या. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या, उगाच घोर लागेल. घरचंच पोर, नंबर कशाला लिहायचा म्हटलं..."

तो नंबर निकिताला तोंडपाठ होता. रिंग वाजत राहिली. वाजतच राहिली. मग सासूबाईंचा आवाज आला.

"थांब गं, आत्ताच जेवलाय त्यो. पहिलाच चमचा भरलाय, एवढा पाजते आन् मग बोलते."