साहेबाचे दोन शब्द

निजामाच्या अमलातलं प्लेगचं साल. गाव सोडून औरंगाबादेकडं निघालेल्या मनकर्णाबाईला छावणीच्या नाक्यावर अडवलं.

गोऱ्या डॉक्टरनं तिच्या लेकराला खाली ठेवायला लावलं. त्याचं अंग चाचपलं, डोळे पाहिले. लेकराला परत कडेवर घेताना तिच्या डाव्या काखेत कळ उठली.

"गाठोडं वाहून हात भरून आलाय," ती आपणहून म्हणाली.

डॉक्टरनं एकवार तिच्या हाताकडं पाहिलं, नाक्यावरच्या मुन्शी कमरोद्दीनशी इंग्रजीत काहीतरी बोलला अन् हात धुवायला गेला. त्यातले दोन शब्द तिनं नाक्यावर सकाळपासून ऐकले होते. क्वारंटाईन आणि आयसोलेशन. ते ऐकले की बाया रडायच्या.

"मुन्शीजी, माझं लेकरू नेतेत का? त्या दोन्हीत फरक काय असतो?"

"फरक लई आहे, बाई. ज्याला अजून काही झालं नाय, त्याला क्वारंटाईनच्या तंबूत ठेवतेत. नुसती नजर ठेवायला. ज्याला रोग लागला, तो आयसोलेशनच्या तंबूत. तिथून परत येणारे कमी."

"अन् माझ्या बद्रीला?"

"क्वारंटाईन."

तिच्या जिवात जीव आला. तिनं बद्रीला छातीशी घट्ट धरलं, त्याचे पटापट मुके घेतले.



"लेकराला खाली ठेवा, बाई," कमरोद्दीन मागं सरकत म्हणाला. "दुसरा तंबू तुमचा आहे."