काचेच्या तळाची होडी

इशिगाकी बेटावर काय बघावं, असं पाहुण्यांनी विचारलं की मोरिओ खारफुटीतून वल्हवत जायची आपली सफर सुचवायचा आणि वर बजावायचा, "त्या काचेच्या तळाच्या होडीत मात्र बसू नका. नुसती लुबाडणूक आहे."

होडी त्याच्या वडिलांची होती. त्यांच्या धंद्यात यायला त्यानं नकार दिल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं.

परवा ओसाकाचं एक वयस्कर जोडपं आलं. त्यांनाही त्यानं तेच सांगितलं.

बाई हसल्या. "अहो, सकाळीच बसून आलो! आम्ही दोघंच होतो. गिऱ्हाईकच येत नाही, म्हणून होडी विकली म्हणाले ते आजोबा."

मोरिओनं हातातलं वल्हं खाली ठेवलं.

"तुमच्याकडे त्यांनीच तर पाठवलं. म्हणाले, बेट बघायचं तर मोरिओबरोबर जा. तो कुणाला फसवत नाही."